ज्ञानाच्या दोन मूर्ती: फ्रेंच ज्ञानकोशाचे मुखचित्र आणि ज्ञानेश्वरीतील शब्दब्रह्म-गणेश

१. प्रास्ताविक

'रूपक' ही संज्ञा मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात निदान तीन ठिकाणी भेटते. अलंकारविचारात ती एका अर्थालंकाराचे नाव म्हणून येते, नाट्यविचारात दृश्यकाव्याचा प्रकार म्हणून येते आणि आधुनिक समीक्षेत 'रूपककथा' या सामासिक शब्दाचे पूर्वपद म्हणून येते. तिन्ही ठिकाणी विद्यार्थी तिची व्याख्या पाठ करतो. प्रत्यक्ष रूपक समोर आले म्हणजे मात्र तो एक सारणी तयार करतो: डाव्या बाजूस उपमान, उजव्या बाजूस उपमेय. सारणी पूर्ण झाली की रूपक समजले, असा त्याचा आणि पुष्कळदा आपलाही समज असतो.

हा समज अपुरा आहे. रूपकाचा अर्थ केवळ जोड्यांत नसतो. त्या जोड्यांची मांडणी कशी झाली आहे, कोणाला कोठे बसविले आहे, कोणाची पाठ कोणाकडे आहे आणि कोणाला चित्रात जागाच मिळालेली नाही, यांतही तो असतो. हे विधान स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात दोन रूपके शेजारी ठेवून पाहावयाची आहेत. पहिले दृश्य आहे: अठराव्या शतकातील फ्रेंच ज्ञानकोशाचे, म्हणजे 'आंसिक्लोपेदी'चे, ताम्रपटावरून छापलेले मुखचित्र. दुसरे शाब्द आहे: ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाच्या आरंभीचे गणेशरूपक. दोहोंचा विषय एकच, संपूर्ण वाङ्मयाची किंवा संपूर्ण ज्ञानाची मूर्ती उभी करणे. दोहोंमध्ये सुमारे पावणेपाच शतकांचे अंतर आहे आणि त्यांचा परस्परांशी कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. म्हणून येथे प्रभावाचा प्रश्न उपस्थित होत नाही; प्रश्न आहे तो वाचनपद्धतीचा.

या तुलनेला एक स्थानिक निमित्तही आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत जो विद्यार्थी मराठी शिकतो, त्याच्या एका बाजूस पवनेच्या काठी मोरया गोसावींचे चिंचवड आहे, दुसऱ्या बाजूस इंद्रायणीच्या काठी देहू व आळंदी आहे आणि सभोवार कारखाने आहेत. त्याच्या घरातील कोणीतरी बहुधा यंत्रावर काम करीत असते. ज्ञानाच्या चित्रात यंत्रावर काम करणाऱ्या हाताचे स्थान कोणते, हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ सैद्धांतिक नाही. लेखाच्या उत्तरार्धात त्याकडे वळावयाचे आहे.

२. मुखचित्राचा इतिहास

दनी दिद्रो आणि दालांबेर यांच्या संपादकत्वाखाली या ज्ञानकोशाचा पहिला खंड १७५१ मध्ये प्रसिद्ध झाला. मजकुराचे सतरा खंड १७६५ पर्यंत पूर्ण झाले. चित्रपटांचे अकरा खंड १७६२ ते १७७२ या काळात निघाले. हा प्रवास सुरळीत नव्हता. १७५२ मध्ये पहिल्या दोन खंडांवर बंदी आली, १७५९ मध्ये प्रकाशनाचा परवानाच रद्द झाला. दालांबेर संपादनातून बाजूस झाला आणि पुढचा भार दिद्रोवर पडला.

मुखचित्राचे रेखाटन शार्ल-निकोला कोशँ (धाकटा) या चित्रकाराने १७६४ मध्ये केले. ते १७६५ च्या पॅरिसमधील 'सालों' प्रदर्शनात मांडले गेले आणि बोनावांत्यूर-लुई प्रेवो याने त्याचा ताम्रपट १७७२ मध्ये पूर्ण केला. या तारखांकडे लक्ष द्यावयास हवे. ज्याला आपण मुखचित्र म्हणतो, ते पहिल्या खंडानंतर एकवीस वर्षांनी, काम संपताना तयार झाले. ग्रंथाच्या आरंभी बसविण्याचे हे चित्र वस्तुतः ग्रंथाचा उपसंहार आहे. काय करावयाचे आहे हे ते सांगत नाही. आपण काय केले असे आपल्याला वाटते, ते ते सांगते.

दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. ज्या वर्षी कोशँने सत्यावरील आवरण दूर होत असल्याचे हे चित्र रेखाटले, त्याच १७६४ मध्ये दिद्रोला असे आढळले की, मुद्रक ल ब्रतों याने राजरोषाच्या भीतीने अनेक लेखांतील मजकूर परस्पर कापून टाकला आहे. सत्य अनावृत करणारे चित्र आणि गुपचूप चालविलेली कात्री एकाच वर्षातील आहेत. रूपक ज्या विश्वासाने बोलते, तो विश्वास व्यवहारात कोणत्या किमतीला मिळतो, हे या योगायोगातून ध्यानात येते.

या चित्राच्या प्रती आज युरोप-अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत व ग्रंथालयांत आहेत. काही ठिकाणी ते ग्रंथातच बांधलेले आहे, तर काही ठिकाणी सुटे पान म्हणून चौकटीत बसविलेले आहे. चौकटीतील प्रत ही एक प्रकारे वाचकापासून तुटलेली प्रत होय. मूळ वाचकाच्या हाती चित्राबरोबर त्याचे छापील स्पष्टीकरण होते आणि चित्रामागे हजारो पाने होती. संग्रहालयातील प्रेक्षकाच्या हाती केवळ दोन ओळींची पट्टी असते. आपल्याकडेही असेच घडलेले दिसते. राजा रविवर्म्याचा शिळाछाप छापखाना १८९९ मध्ये मुंबईहून लोणावळ्याजवळील मळवली येथे, म्हणजे चिंचवडहून जाणाऱ्या पुणे-मुंबई लोहमार्गावरच, हलविण्यात आला. तेथे छापलेल्या सरस्वती-लक्ष्मी एकेकाळी घरोघरी देवघरात होत्या. आज त्यांच्या प्रती संग्रहालयांत कलावस्तू म्हणून पाहिल्या जातात. चित्र तेच राहते, वाचन बदलते.

३. चित्राचे वर्णन

आयोनिक शैलीच्या स्तंभांचे एक मंदिर आहे. हे सत्याचे गर्भगृह. त्यात सर्वांत वर, आवरणात गुंडाळलेली सत्याची स्त्रीमूर्ती उभी असून तिच्यापासून निघणाऱ्या प्रकाशाने मेघ पांगत आहेत. तिच्या एका बाजूस बुद्धी आणि तत्त्वज्ञान या दोघी आहेत: एक आवरण उचलीत आहे, दुसरी ते ओढून काढीत आहे. दुसऱ्या बाजूस कल्पनाशक्ती आहे. ती सत्याला सजविण्याच्या, माळ घालण्याच्या तयारीत आहे. सत्याच्या पायाशी ईश्वरविद्या गुडघे टेकून बसली आहे आणि ती आपला प्रकाश वरून घेत आहे.

बुद्धीच्या बाजूने खाली उतरत गेल्यास स्मृती, प्राचीन व अर्वाचीन इतिहास भेटतात. इतिहास घटना लिहीत आहे आणि काळ त्याला आधार देत आहे. त्याखाली भूमिती, ज्योतिष आणि पदार्थविज्ञान. त्याहून खाली प्रकाशशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन आणि कृषी. कल्पनाशक्तीच्या बाजूस महाकाव्य, नाट्य, उपरोध आणि गोपकाव्य हे कवितेचे प्रकार, त्यानंतर संगीत, चित्र, शिल्प आणि वास्तू. अगदी तळाशी अनेक कला व व्यवसाय आहेत. छापील स्पष्टीकरणात त्यांच्याविषयी एवढेच म्हटले आहे की, ते शास्त्रांपासून उगम पावतात.

या मूर्ती ओळखण्याची एक ठरीव विद्या होती. इटालियन लेखक चेझारे रिपा याचा 'इकोनोलोजिया' हा ग्रंथ १५९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १६०३ च्या आवृत्तीत तो सचित्र झाला. कोणत्या अमूर्त कल्पनेच्या हाती कोणती वस्तू द्यावी, हे त्यात सांगितलेले आहे. आपल्या मूर्तिशास्त्रातील आयुध-वाहन-मुद्रा यांच्या नियमांशी याचे साम्य सहज ध्यानात येईल. स्वतः कोशँने पुढे अशाच एका चित्रमय रूपककोशाचे काम केले. म्हणजे हा चित्रकार या भाषेचा केवळ वापरकर्ता नव्हता, कोशकारही होता.

येथे भाषेचा एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. या चित्रातील बहुतेक मूर्ती स्त्रियांच्या आहेत, कारण फ्रेंचमध्ये सत्य, बुद्धी, तत्त्वज्ञान, कल्पना, स्मृती, इतिहास ही सर्व नामे स्त्रीलिंगी आहेत. काळ पुल्लिंगी असल्याने तो पुरुष आहे. मराठीत वर्णन करताना 'सत्य' नपुंसकलिंगी, 'बुद्धी' स्त्रीलिंगी आणि 'इतिहास' पुल्लिंगी होतो आणि मूळ चित्रातील सख्यांचा मेळावा विस्कटतो. वर 'सत्याची स्त्रीमूर्ती' असा द्राविडी प्राणायाम करावा लागला तो यामुळेच. कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' या अकराव्या शतकातील रूपकनाटकात विवेक हा राजा आणि मती ही त्याची राणी असते, तेथेही व्याकरणच पात्रांची लिंगे ठरविते. रूपक हे असे भाषेच्या अंगातून उगवते. त्याचे भाषांतर करताना प्रथम व्याकरणच आडवे येते.

४. ज्ञानेश्वरीतील गणेशरूपक

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. तिच्या आरंभी आत्मरूपाला वंदन करून ज्ञानेश्वर गणेशाची मूर्ती रचू लागतात. संपूर्ण शब्दब्रह्म हीच ती मूर्ती. निर्दोष वर्ण हे तिचे शरीर. स्मृती हे अवयव. अर्थाची शोभा हे लावण्य. अठरा पुराणे हे रत्नालंकार, त्यांत प्रमेये ही रत्ने आणि पदरचना हे त्यांचे कोंदण. शब्दांची नागर बांधणी हे रंगीत वस्त्र आणि साहित्य ही त्या वस्त्राची झळाळी. काव्ये व नाटके या कमरेच्या लहान घंटा, त्यांतून अर्थाचा ध्वनी उमटतो. व्यासादिकांची बुद्धी ही मेखला.

त्यानंतर हात येतात. सहा दर्शने हे सहा हात आणि त्यांची मते परस्परांशी जुळत नाहीत म्हणून त्यांच्या हाती निरनिराळी आयुधे आहेत. तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश, वेदान्त हा रसाळ मोदक. एका हाती मोडलेला दात आहे. तो वार्तिककारांनी खंडन केलेल्या बौद्धमताचा संकेत. सत्कारवाद हा वरदहस्त, धर्मप्रतिष्ठा हा अभयहस्त. निर्मळ विवेक ही सरळ सोंड. संवाद हा दात आणि समता ही त्याची शुभ्रता. उन्मेष हे सूक्ष्म नेत्र. पूर्व व उत्तर मीमांसा हे दोन कान. मस्तकातून झरणारा बोधरूपी मद मुनिरूपी भ्रमर सेवितात. द्वैत आणि अद्वैत ही दोन गंडस्थळे मस्तकावर एकत्र येतात. उपनिषदे ही मुकुटावरील फुले. शेवटी अकार हे चरण, उकार हे उदर, मकार हे मस्तक. तिन्ही मिळून ॐकार.

मम्मटाच्या परिभाषेत हे सांगरूपक होय: मुख्य वस्तूच्या अभेदाबरोबर तिच्या अंगोपांगांचाही अभेद येथे सांगितला आहे, आणि आरोप्यमाण सर्व वस्तू शब्दांनीच कथन केल्या असल्याने त्याला समस्तवस्तुविषय म्हणावयाचे. हे उत्तर परीक्षेपुरते बरोबर आहे. पण ते येथेच थांबले तर आपण रूपकाच्या दारातूनच परत फिरलो, असे म्हणावे लागेल.

५. सभा आणि शरीर

आता दोन्ही रूपके समोरासमोर ठेवू.

फ्रेंच चित्रात प्रत्येक विद्या ही एक व्यक्ती आहे. व्यक्ती एकत्र आल्या की सभा भरते, आणि सभा म्हटली की आसनांचा क्रम आला. कोण वर, कोण खाली, कोण कोणाकडे पाहते, कोण कोणाच्या आडोशाला आहे, यांतून चित्राचा अर्थ सिद्ध होतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे ईश्वरविद्या. तिला चित्रातून वगळलेले नाही; तसे करणे त्या काळी धोक्याचे होते. तिला सत्याच्या अगदी जवळ जागा दिली आहे. परंतु १७६५ च्या प्रदर्शनावर लिहिताना दिद्रोने स्वतःच दाखवून दिले आहे की, ती सत्याकडे पाठ करून वरून येणाऱ्या प्रकाशाची वाट पाहते. छापील स्पष्टीकरणात मात्र 'पाठ' हा शब्द नाही. तेथे केवळ वरून मिळणाऱ्या प्रकाशाचा उल्लेख आहे. धर्मपीठाला ते वाक्य आदराचे वाटावे आणि जाणत्या वाचकाला त्यातील खोच कळावी, अशी ही योजना आहे. सारणी करणाऱ्या विद्यार्थ्याला 'गुडघे टेकलेली स्त्री = ईश्वरविद्या' एवढेच सापडेल; तिची पाठ त्याला सापडणार नाही.

ज्ञानेश्वरांच्या रूपकात विद्या व्यक्ती नाहीत, अवयव आहेत. अवयव एकमेकांकडे पाठ करून उठून जाऊ शकत नाहीत. सहा दर्शनांचे भांडण ज्ञानेश्वर लपवीत नाहीत, उलट तेच हातांतील भिन्न आयुधांचे कारण म्हणून सांगतात. पण हात मात्र एकाच शरीराचे आहेत. द्वैत आणि अद्वैत ही दोन गंडस्थळे शेजारी आहेत, एका मस्तकावर आहेत. सभारूपकात मतभेद हा स्थानभेद होतो, शरीररूपकात तो कार्यभेद होतो. या लेखातील पहिले प्रतिपादन हेच आहे.

तथापि यावरून आपले रूपक सर्वसमावेशक आणि परकीय रूपक भेदमूलक, असा सोयीचा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. मोडलेल्या दाताकडे पुन्हा पाहावे. बौद्धमत या शरीरात आहे, पण ते भग्न अवयव म्हणून आहे. तुटलेले, आणि तुटल्याची खूण म्हणून हातात धरलेले. गणपतीच्या एकदंत असण्याची पुराणकथा येथे वादविजयाची खूण झाली आहे. शरीररूपकातही एक वगळणूक आहेच, फक्त ती बाहेर फेकलेली नसून मूर्तीच्याच हाती ठेवलेली आहे. एका चित्रात पाठ फिरविलेली मूर्ती, दुसऱ्यात मोडलेला दात. प्रत्येक समग्रतेच्या रूपकात अशी एक जखम शोधावी, असे येथे सुचवावेसे वाटते. त्या काळाचा वाद तेथे उघडा पडतो.

दुसरा भेद इंद्रियांचा आहे. फ्रेंच चित्रात ज्ञान म्हणजे पाहणे: आवरण, प्रकाश, मेघ, दृष्टी. ज्ञानेश्वरांच्या मूर्तीत सूक्ष्म नेत्र आहेत खरे, पण तिचे शरीर वर्णांचे आहे, कमरेला अर्थध्वनी करणाऱ्या घंटा आहेत, दोन मीमांसा कानांच्या जागी आहेत आणि शेवटी संपूर्ण मूर्ती एका नादात विरते. ती चित्रकाराला दिलेली सूचना नाही. पाहता पाहता ती ऐकू येऊ लागते. म्हणून या ओव्यांवरून गणपतीचे चित्र काढणारा प्रत्येक जण थोडा फसतो. ॐकार झालेली मूर्ती कागदावर उतरताना पुन्हा केवळ मूर्ती होते.

तिसरा भेद वाङ्मयाच्या स्थानाचा आहे. फ्रेंच चित्रात कविता कल्पनाशक्तीच्या लगत, वरच्या बाजूस आहे; पण कल्पनेचे काम सत्याला सजविणे, म्हणजे सत्य आधीच सिद्ध आहे आणि कविता नंतर येते. ज्ञानेश्वरांकडे काव्यनाटकांना घंटांची छोटी जागा आहे, परंतु पदबंध हे वस्त्र आहे आणि पदरचना हे प्रमेयांचे कोंदण आहे. कोंदणावाचून रत्न अंगावर राहत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या फरकाचा विचार करावा.

६. तळाची रांग

आता मूळ प्रश्न. या दोन चित्रांत हातांनी काम करणारा माणूस कोठे आहे?

फ्रेंच चित्रात तो तळाशी आहे आणि त्याचे काम शास्त्रांपासून उगम पावते असे म्हटले आहे. हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. दालांबेरच्या १७५१ च्या प्रास्ताविक निबंधात बेकनला अनुसरून ज्ञानाची स्मृती, बुद्धी आणि कल्पना अशी तीन शाखांत विभागणी केली आहे. त्या ज्ञानवृक्षात कारागिरी आणि उद्योग बुद्धीच्या शाखेवर नाहीत; ते स्मृतीच्या शाखेवर, निसर्गाच्या इतिहासात, माणसाने निसर्गाचा केलेला उपयोग म्हणून येतात. म्हणजे वृक्षात कारागिरी ही अनुभवाची नोंद आहे, मुखचित्रात ती शास्त्राचे अपत्य आहे. एकाच ग्रंथाने आपल्याविषयी दोन वेगळी विधाने केली आहेत.

चित्रखंड उघडले की तिसरेच विधान समोर येते. अडीच हजारांहून अधिक चित्रपटांपैकी फार मोठा भाग कारागिरीचा आहे. अनेक पानांची रचना अशी: वर कामाच्या जागेचे दृश्य, माणसे काम करीत असलेली, खाली तीच हत्यारे, यंत्राचे भाग, एकेक सुटे करून मापाने काढलेले. येथे कोणी देवता नाही, पंख नाहीत, मेघ नाहीत. टाचणी तयार करण्याच्या लेखात त्या क्षुद्र वस्तूसाठी लागणाऱ्या अठरा क्रिया सांगितल्या आहेत. अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात श्रमविभागणीसाठी टाचणीचेच उदाहरण घेतले, हे प्रसिद्धच आहे. स्वतः दिद्रो लांग्र गावच्या सुऱ्या-चाकू बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. 'कला' या विषयावरील लेखात त्याने यांत्रिक कलांना हीन लेखण्याच्या वृत्तीवर टीका केली आहे. तथापि मुखचित्रात वडिलांचा व्यवसाय तळाच्या रांगेतच राहिला.

याच संदर्भात दिद्रोची एक तक्रार मराठीच्या अभ्यासकाला जवळची वाटेल. १७५० च्या निवेदनपत्रात तो सांगतो की, कारखान्यांत जाऊन कामगारांना विचारले तेव्हा हजारांत जेमतेम डझनभर माणसे आपले काम स्पष्ट शब्दांत सांगू शकली. कलांची भाषा सदोष आहे, कारण तिच्यात नेमक्या शब्दांची टंचाई आणि समानार्थी शब्दांची गर्दी आहे, असेही त्याचे निरीक्षण आहे. पण हे ऐकून घेणाऱ्याचे निरीक्षण आहे. ज्याला सांगता येत नाही, त्याला कळत नाही असे नव्हे. त्याचे ज्ञान बोटांत असते आणि विचारणाऱ्याची प्रश्नावली त्या बोटांसाठी तयार केलेली नसते.

ज्ञानेश्वरांच्या मूर्तीत कारागीर व्यक्ती म्हणून नाही, रांगेतही नाही. शास्त्रे आहेत, दर्शने आहेत, काव्य आहे. कुंभार, सोनार, साळी नाहीत. परंतु उपमानांची बाजू पाहिली तर वेगळे दृश्य दिसते. कोंदण सोनाराचे आहे, रंगीत वस्त्र विणकराचे व रंगाऱ्याचे आहे, घंटा कासाराची म्हणावी, मेखला पुन्हा सोनाराची, परशू लोहाराचा. ज्ञानाची मूर्ती ज्या वस्तूंनी उभी राहते, त्या सर्व कारागिराने घडविलेल्या आहेत. कारागीर उपमेयांत नाही, उपमानांत आहे. त्याच्या कामावाचून रूपक उभे राहत नाही आणि रूपकाचा अर्थ लागला की त्याचे काम विसरले जाते. उपमान हे असे शिडीसारखे वापरले जाते.

संतपरंपरेचा पुढचा विस्तार या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांच्या नावाशी त्यांचा व्यवसाय जोडलेला आहे आणि परंपरेने त्यांच्या भक्तीकडे त्या व्यवसायाच्या भाषेतूनच पाहिले आहे. जो उपमानात दडला होता, तो येथे बोलणारा झाला. अठरापगड व्यवसायांची बोली अध्यात्माची भाषा झाली, ही मराठीतील रूपकविचाराची मोठी घटना आहे. एकनाथांच्या भारुडांनी तिला रंगभूमीवर आणले. तिच्याकडे केवळ सामाजिक इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रघात आहे; अलंकारशास्त्राच्या अंगाने पाहिल्यास ती उपमानाने उपमेयाची जागा घेण्याची प्रक्रिया आहे.

७. अध्यापनाच्या संदर्भात

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. नंतरच्या दशकांत वाहनउद्योग आणि त्याला सुटे भाग पुरविणारे असंख्य लघुउद्योग आले. पुढे चाकण परिसर मोटारउद्योगाचे केंद्र झाला. या परिसरातील मराठीत लेथ, जॉब, फिटर, डाय हे शब्द आहेत, तसेच कानस, ऐरण, साचा, पाना हेही आहेत. नेमक्या शब्दांची टंचाई आणि समानार्थींची गर्दी ही दिद्रोने सांगितलेली स्थिती येथेही आढळते. मराठीत ज्ञानकोशाची परंपरा समृद्ध आहे: श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश ही तिची मोठी उदाहरणे. परंतु यंत्रशाळेतील बोली मराठी अजून पुष्कळशी कोशाबाहेर आहे. ती गोळा करणे हे भाषाविभागाचे काम आहे, अभियांत्रिकीचे नव्हे.

वर्गात रूपक शिकविताना पुढील क्रम उपयुक्त ठरेल. प्रथम जोड्या लावाव्यात. सारणी त्याज्य नाही, ती पहिली पायरी आहे. नंतर मांडणी पाहावी: उच्च-नीच, जवळ-दूर, सन्मुख-पराङ्मुख. तिसऱ्या पायरीवर रूपक सभेचे आहे की शरीराचे, वृक्षाचे की वास्तूचे, हे ठरवावे आणि त्या आकृतीमुळे मतभेदाला कोणते रूप मिळाले ते विचारावे. चौथ्या पायरीवर जखम शोधावी, म्हणजे मोडलेले, फिरविलेले, वगळलेले काय आहे ते पाहावे. शेवटी उपमानांच्या बाजूने पुन्हा वाचावे: या वस्तू कोणी घडविल्या? विद्यार्थ्याच्या घरातील माणूस बहुधा या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात सापडेल.

एक आक्षेप येथे लक्षात घ्यावयास हवा. रूपककथा हा कृत्रिम, बुद्धिनिष्ठ आणि म्हणून प्रतीकाहून कनिष्ठ प्रकार होय, हे मत कोलरिजच्या १८१६ मधील विवेचनापासून प्रभावी ठरले आणि आपल्या समीक्षेतही ते रुजले. स्वतः दिद्रोलाही चित्रातील रूपके बहुधा थंड आणि दुर्बोध वाटत. वाल्टर बेंजामिनने १९२८ मध्ये आणि पॉल द मान याने १९६९ मध्ये या श्रेणीक्रमाला आव्हान दिले. त्यांच्या सिद्धांतांची येथे चर्चा करावयाची नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, प्रतीक हे अनुभवाची एकात्मता गृहीत धरते, तर रूपकाला ती एकात्मता सांध्यासांध्यांनी जोडावी लागते. आणि जोडलेल्या वस्तूचे सांधे दिसतात. अभ्यासकाला रूपक प्रिय असावे ते याच कारणासाठी.

८. समारोप

दोन्ही रूपके ज्ञान एक आहे असे सांगतात. एक ते मंदिरातील सभेच्या रूपाने सांगते आणि आवरण दूर करण्याची क्रिया अर्धवट अवस्थेत गोठविते: प्रेवोच्या ताम्रपटावर सत्य अद्याप पूर्णपणे अनावृत झालेले नाही. दुसरे ते शरीराच्या रूपाने सांगते आणि ते शरीर शेवटी नादात विलीन करते. दोन्हींत काही मोडलेले आहे, आणि दोन्हींत हाताने काम करणारा एकतर पायथ्याशी आहे किंवा उपमानात दडलेला आहे.

संग्रहालयात चौकटीत लावलेले चित्र आणि पाठ्यपुस्तकात वेचा म्हणून छापलेल्या ओव्या यांची अवस्था सारखीच असते. दोन्ही आपापल्या ग्रंथापासून सुटलेल्या असतात. मुखचित्र पाहून चित्रखंड उघडला नाही, तर कारागिराची तळाची रांग एवढीच हाती लागते. पुढची हजारो पाने त्या रांगेचा मान राखतात, हे कळतच नाही. गणेशरूपक वाचून ग्रंथ मिटला, तर ज्या देशीत ते सांगितले गेले तिचे महत्त्व ध्यानात येत नाही: शास्त्रांची ही संपूर्ण मूर्ती ज्ञानेश्वरांनी त्यांच्यासाठी घडविली, ज्यांना त्या शास्त्रांचे दार बंद होते. या परिसरातील रस्त्यांवर आज पालखीही जाते आणि पाळी बदलणाऱ्या कामगारांच्या गाड्याही जातात. त्या दोहोंना सामावणारे ज्ञानाचे रूपक मराठीत अद्याप कोणी रचावयाचे आहे. ते रचले जाईल तेव्हा ते वाचता यावे, एवढी तयारी आपल्या वर्गांतून व्हावी.